मासे सोडायचे, पण पाण्यावरचा हक्क सोडायचा नाही

(पुण्यात बिबवेवाडीला कामासाठी आलेल्या आपल्या गावोगावच्या लोकांच्या बैठकीत युवा गटाने केलेली ही मांडणी. ज्यांना वाचता येतं त्यांनी पाड्यावर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावी.)



दादांनो, मायबायांनो, आजची बैठक वनहक्काच्या दाव्यांची आहे हे आम्हाला माहीत आहे. कोणाचा दावा तालुक्याला अडकलाय, कोणाला कसत असलेल्या जमिनीच्या निम्म्याचाच पट्टा मिळालाय, कोणाचा कागदच सापडत नाही. ते सगळं बोलायचंच आहे. पण त्याआधी आम्हाला थोडा वेळ द्या. आम्हाला मलेरियाबद्दल बोलायचंय, म्हणजे आपल्या हिवतापाबद्दल. आणि त्यासाठी माशांबद्दल बोलायचंय.

काही जण म्हणतील, जमिनीच्या बैठकीत मासे कुठून आले? तर सांगतो. थंडीताप जोरात असतो पाऊस ओसरल्यावर. तेव्हाच भात कापणीला येतं. तेव्हाच शहरात बांधकामं जोरात सुरू होतात आणि मुकादम उचल घेऊन दारात उभा राहतो. तेव्हाच जमिनीची मोजणी करायला, स्थळपाहणी करायला साहेब लोक गावात येतात, कारण पावसात ते येत नाहीत. त्या दिवशी घरचा कर्ता माणूस गोधडीत कुडकुडत पडला असेल तर शेताच्या बांधावर उभं कोण राहणार? हद्द कोण दाखवणार? तापाने मजुरी बुडते, कर्ज होतं, आणि कर्जापायी जमीन दुसऱ्याच्या हाताखाली जाते. म्हणून हा विषय जमिनीचाच आहे.

ताप येतो कुठून

आपल्याकडे म्हातारी माणसं म्हणतात, पाणी बदललं की ताप येतो. त्यात थोडं खरं आहे. पण ताप पाणी पिऊन येत नाही, पाण्यात वाढलेल्या डासाने येतो. सिकंदराबादला रोनाल्ड रॉस नावाच्या डॉक्टरने २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला. तेव्हापासून हे पक्कं झालंय. तापाच्या माणसाला मादी डास चावते, जंतू तिच्या पोटात जातो, दहा-पंधरा दिवस तिथे वाढतो, आणि मग ती ज्याला चावेल त्याला ताप देते. नर डास चावत नाही.

ही मादी अंडी घालते साठलेल्या किंवा संथ पाण्यात. अंड्यातून अळी निघते. अळीचा कोष होतो आणि कोषातून डास उडतो. उन्हाळी, दमट हवेत हे सगळं आठ-दहा दिवसांत होतं. हा आकडा ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं काम त्यावर आहे.

मलेरियाच्या डासाची अळी ओळखायला सोपी आहे. ती पाण्याच्या वरच्या थरावर आडवी पडलेली असते, काडी तरंगावी तशी. दुसऱ्या डासांच्या अळ्या डोकं खाली करून लटकलेल्या असतात. लटकणाऱ्या अळ्यांमध्ये डेंगी आणि चिकनगुनियाचा डासही येतो. २००६ साली महाराष्ट्रात चिकनगुनियाने माणसं कशी वाकून चालत होती ते आपण पाहिलंय. तो डास दिवसा चावतो आणि घरातल्या पिंपात वाढतो. मलेरियाचा डास संध्याकाळनंतर, रात्री चावतो. अळी कुठलीही असो, मासा दोन्ही खातो.

बिबवेवाडीत काय दिसतं

आता इथलं बघा. आपण इथे आलो ते बिगारीकामाला. कोणी मार्केट यार्डात हमालीला जातं, कोणी बाई धुण्याभांड्याला जाते, पण बरेच जण बिल्डिंगच्या साइटवर आहेत. साइटवर पाणी किती जागी साठतं ते आम्ही मोजत फिरलो. सिमेंटसाठी बांधलेला हौद, स्लॅबवर पाणी मारायला केलेली आळी, लिफ्टचा खड्डा, तळघर, झाकण नसलेली टाकी, पत्र्याची पिंपं. शिवाय आपल्या पत्र्याच्या खोल्यांपुढे पिंपं, बादल्या, हंडे. कारण नळाला ठरलेल्या वेळीच पाणी येतं आणि उंचावरच्या गल्लीत तेही बारीक येतं. पाणी भरून ठेवण्यात गरिबाची काही चूक नाही. चोवीस तास पाणी असणाऱ्याला पिंप लागत नाही.

शहरातला मलेरियाचा डास आपल्या ओहोळातल्या डासापेक्षा वेगळा आहे. त्याला विहीर, टाकी, हौद असलं स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं. मुंबईत १९११ साली बेंटली नावाच्या डॉक्टरने सरकारला अहवाल दिला, त्यात विहिरी आणि टाक्यांमध्येच हा डास वाढतो असं दाखवलं होतं. शंभर वर्षं उलटून गेली, साइटवरच्या टाक्या अजून उघड्या आहेत.

इथून आपण दिवाळीला, शिमग्याला गावी जातो. अंगात जंतू असेल तर तो आपल्याबरोबर एस.टी.त बसतो. गावच्या डासाला तो मिळतो आणि पाड्यावर ताप सुरू होतो. उलटंही होतं, गावचा ताप साइटवर येतो. म्हणून गावातलं काम आणि इथलं काम एकदम करावं लागेल.

मासा काय करतो

मासा साधं काम करतो. अळीला श्वास घ्यायला पाण्याच्या वर यावं लागतं. काही छोटे मासे वरच्या थरातच फिरतात आणि त्यांचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं. ते अळी दिसली की गिळतात. सरकारी आरोग्य खातं जो मासा देतं त्याला गप्पी म्हणतात. बोटाच्या दोन पेरांएवढा. नर रंगीत आणि बारीक, मादी मोठी आणि मळकट. एक मासा दिवसाला ऐंशी-शंभर अळ्या खातो असं आरोग्य खातं सांगतं. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिलं देते, आणि साधारण महिन्याला एकदा देते. म्हणून एकदा आणले की परत परत मागायला जावं लागत नाही.

मासे कसे आणायचे आणि सोडायचे ते नीट ऐका, कारण बहुतेक ठिकाणी मासे मरतात ते इथेच.

एक. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा हिवताप कार्यालयात गप्पीची मागणी करायची. अर्ज ग्रामसभेच्या नावाने द्यायचा आणि पोच घ्यायची. मासे फुकट मिळतात.

दोन. जाड प्लास्टिकच्या पिशवीत तिसरा हिस्सा पाणी आणि बाकी हवा ठेवायची. सकाळी किंवा संध्याकाळी न्यायचे, दुपारच्या उन्हात नाही.

तीन. पोचल्यावर लगेच ओतायचे नाहीत. पिशवी बंद ठेवूनच हौदाच्या पाण्यावर अर्धा तास तरंगत ठेवायची. आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार झालं की मग हळूच सोडायचे.

चार. दर चौरस मीटर पाण्याला पाच-दहा मासे पुरतात. माद्या जास्त असाव्यात. वरून भाकरी, भात टाकायचा नाही. पोट भरलं तर मासा अळी कशाला खाईल? थोडी पाणवनस्पती राहू द्या, नाहीतर मोठे मासे पिलांनाही खातात.

पाच. हौद धुवायचा असेल तर आधी कापडाने मासे गाळून बादलीत काढायचे. एका साइटवर आम्ही मासे सोडले आणि चौथ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाने मोटर लावून हौद कोरडा केला. कोणी त्याला सांगितलंच नव्हतं. आता आम्ही हौदावर खडूने लिहितो, 'यात मासे आहेत'. आणि ज्या बाईच्या खोलीसमोर हौद आहे तिच्याकडे लक्ष द्यायला देतो. जिथे बघणारं माणूस आहे तिथे मासे टिकलेत.

गुरांचा हौद, न वापरती विहीर, शेततळं, साइटचा हौद, संडासाजवळची मोठी टाकी ह्या माशांच्या जागा. पिंप, रांजण, बादली ह्या माशांच्या जागा नाहीत. ते आठवड्यातून एक दिवस पूर्ण रिकामे करायचे, आतून घासायचे, उन्हात वाळवायचे. यालाच कोरडा दिवस म्हणतात. आठवडाच का? अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्याआधी पाणी सांडलं की अळी मेली. घासायचं का? डेंगीच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून बसतात आणि कोरड्यातही जगतात.

पाणी पिण्याचं असेल तर

बाया विचारतात, पिण्याच्या विहिरीत मासे सोडले तर टीसीएलचं काय? बरोबर प्रश्न आहे. टीसीएल पावडर पडली की गप्पी मरतात. आणि टीसीएल पडली नाही तर पावसाळ्यात हगवण, कावीळ येते. आम्ही म्हणतो, पिण्याच्या पाण्यात टीसीएल आधी. माशांसाठी ती बंद करायची नाही. पिण्याच्या विहिरीला जाळी, टाकीला घट्ट झाकण. मासे वापरायच्या पाण्यात. कोणी साहेब म्हणाला की मासे सोडलेत, आता टीसीएलची गरज नाही, तर त्याचं ऐकू नका.

ओढ्यात, खाचरात सोडू नका

आता सगळ्यात जपायची गोष्ट. हे मासे आपले नाहीत. गप्पी दक्षिण अमेरिकेतला. दुसरा एक देतात, गम्बुशिया. तो अमेरिकेतला, १९२८ साली इटलीहून भारतात आणला. गम्बुशिया फार खादाड. तो अळ्या खातो तशी दुसऱ्या माशांची अंडी आणि पिलंही खातो. तो एकदा ओढ्यात गेला की परत काढता येत नाही. मग वळगणीच्या वेळी आपल्याला खाचरात, ओहोळात जे मासे मिळतात त्यांचं काय होईल? पावसाळ्यात आपल्या कातकरी, ठाकर, कोळी घरांत कालवणाला दुसरं काय असतं?

म्हणून नियम करा. बाहेरून आणलेला मासा चार भिंतींच्या पाण्यातच. ओढा, नदी, तळं, खाचर, धरण यात नाही. पुरात ज्या हौदाचं पाणी वाहून ओढ्याला मिळतं त्यातही नाही.

आणि बाहेरचाच मासा पाहिजे असंही नाही. आपल्या डबक्यात, ओहोळाच्या कडेला एक बारीक मासा असतो, डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेला. पोरं त्याला ओंजळीने पकडतात. तोही वरच्या थरात फिरतो आणि अळ्या खातो. गोव्यात पणजीकडे बांधकामं वाढली आणि मलेरिया वाढला, तेव्हा मलेरिया संशोधन केंद्राच्या लोकांनी १९९० नंतरच्या दशकात तिथलाच याच जातकुळीचा देशी मासा टाक्यांत आणि विहिरींत सोडून बघितला. जोडीला अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध वापरलं. अळ्या कमी झाल्या. आपल्या ओढ्यात हा मासा आहे का ते प्रत्येक पाड्याने बघावं. तुमच्याकडे त्याला काय म्हणतात ते आम्हाला कळवा.

मासा पुरेसा आहे का

नाही. हे स्पष्ट बोललं पाहिजे. जंगलातल्या गावात मलेरियाचा डास वाहत्या ओहोळाच्या कडेला, खडकातल्या पाण्यात, भातखाचरातही वाढतो. गडचिरोलीचे भाऊ दरवर्षी सोसतात तो ताप नुसत्या हौदातल्या माशाने जाणार नाही. तिथे औषध लावलेली मच्छरदाणी पाहिजे, वेळेवर फवारणी पाहिजे, आणि आशाताईकडे तपासणीची पट्टी आणि गोळ्या पाहिजेत. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. बोटाच्या थेंबावर पंधरा-वीस मिनिटांत कळतं. गोळ्या दिल्या तर पूर्ण कोर्स घ्यायचा. एका प्रकारच्या मलेरियाला चौदा दिवस गोळी असते, ती दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडली तर ताप काही महिन्यांनी परत येतो. दुसरा प्रकार मेंदूत जातो आणि माणूस दगावतो. गरोदर बाई आणि लहान पोर असेल तर एक रात्रही थांबायचं नाही. भगताकडे जाणाऱ्याला आम्ही अडवत नाही, पण आधी रक्त तपासा.

हे आम्ही मुद्दाम सांगतोय, कारण एकाच उपायावर भिस्त ठेवली की काय होतं ते देशाने बघितलंय. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात वर्षाला साडेसात कोटी माणसं तापाने पडत आणि आठ लाख मरत. १९५३ साली सरकारने घरोघर डी.डी.टी. मारायला सुरुवात केली. १९६५ पर्यंत ताप एक लाखावर आला. सगळे म्हणाले, मलेरिया संपला. मग डासाला डी.डी.टी.ची सवय झाली, फवारणी ढिली पडली, लक्ष उडालं. १९७६ साली चौसष्ट लाखांवर माणसं आजारी पडली. तेव्हा परत लोकांना मासे, साफसफाई, पाण्याचा निचरा आठवला.

गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात १९८३ पासून असं काम झालं. मलेरिया संशोधन केंद्राच्या लोकांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन खड्डे बुजवले, टाक्यांना झाकणं लावली, विहिरी-तळ्यांत मासे सोडले. त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची. गावतळ्यात त्यांनी खाण्याचे मासेही वाढवले आणि त्यातून उत्पन्न काढलं. तळ्यापासून मिळकत असली की गाव तळं राखतं. तळं राखलं तर डासही कमी होतात.

मग प्रश्न येतो, तळं कोणाचं?

इथे आपण जमिनीवर परत येतो. खेड्याच्या गावाला त्याचं तळं होतं. आपल्या पाड्याला काय आहे? झरा वनखात्याच्या हद्दीत. दरी धरणात. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला यांचं पाणी पुण्याला येतं. बिबवेवाडीत आपण पिंपात भरतो ते पाणी आपल्याच डोंगरावरून आलेलं आहे, आणि वर डोंगरात आपल्या बाया उन्हाळ्यात झऱ्यावर रात्रभर हंडा धरून बसतात. अशा माणसाला फक्त 'पाणी झाका, मासे सोडा' एवढंच सांगणं म्हणजे निम्मी गोष्ट सांगणं.

वनहक्क कायदा २००६ मध्ये ही दुसरी निम्मी गोष्ट लिहिलेली आहे. कलम ३(१)(घ) काढा. त्यात सामूहिक हक्कांमध्ये मासे आणि पाणवठ्यातलं इतर उत्पन्न असं स्पष्ट आहे. आपण सामूहिक दाव्यात सरपण, डिंक, हिरडा, चराई लिहितो आणि मासे लिहायचे विसरतो. यापुढे विसरायचं नाही. ओढ्याचं नाव, डोहाचं नाव, कोणत्या महिन्यात कोणता मासा धरतो, कोण धरतं, म्हाताऱ्या माणसांचे जबाब, सगळं लिहा.

कलम ३(२) बघा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, तळं आणि लहान पाणवठे, पिण्याच्या पाण्याची सोय आणि पाइपलाइन, पावसाचं पाणी साठवणं अशा तेरा कामांसाठी वनजमीन देता येते. प्रत्येक काम एक हेक्टरच्या आत आणि हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा जास्त झाडं तुटायची नाहीत. आणि शिफारस पाहिजे ग्रामसभेची. म्हणजे वनखात्याचा माणूस 'इथे टाकी बांधता येणार नाही' म्हणाला तर त्याला हे कलम दाखवा. आंबेगाव-जुन्नरची जी गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत त्यांच्यासाठी १९९६ चा पेसा कायदाही आहे. लहान पाणवठ्यांचं नियोजन पंचायतीकडे द्यायचं असं तो सांगतो.

डिंभे धरणात ज्यांची शेतं गेली त्या आपल्या लोकांनी जलाशयातल्या मासेमारीच्या हक्कासाठी संघटना केली, सहकारी सोसायटी काढली. ज्या पाण्याने गाव बुडवलं त्याच पाण्यातले मासे आमचे, असं ते म्हणाले. तो हक्क फुकट मिळाला नाही.

काय करायचं

गावात: पावसाच्या आधी ग्रामसभा घ्या. प्रत्येक पाड्यातल्या साठत्या पाण्याची यादी करा, शाळेच्या पोरांना बरोबर घ्या. पांढऱ्या वाडग्याने प्रत्येक जागी दहा वेळा पाणी काढून अळ्या मोजा आणि वहीत लिहा. मासे सोडल्यावर दर आठवड्याला परत मोजा. आकडा कमी झाला की नाही ते वही सांगेल, साहेबाच्या सांगण्यावर राहू नका. तापाच्या माणसांचीही नोंद ठेवा, कोणत्या तारखेला ताप, कोणत्या तारखेला तपासणी, गोळी मिळाली की नाही. ही वही पुढे दवाखाना मागताना आणि सामूहिक दावा करताना उपयोगी पडते.

त्याच ग्रामसभेत ठराव करा: कोणत्या पाण्यात मासे सोडायचे, कोणत्या पाण्यात बाहेरचा मासा सोडायला बंदी, हौद कोण राखणार, आणि आमच्या हद्दीतल्या पाण्यावर आणि माशांवर आमचा सामूहिक दावा आहे. कोणत्याही खात्याने आमच्या ओढ्यात मासे सोडण्याआधी ग्रामसभेला विचारावं, हेही लिहा.

इथे बिबवेवाडीत: ज्या साइटवर आपले चार जण आहेत तिथे ठेकेदाराला एकत्र जाऊन सांगा. टाकीला झाकण, हौदात मासे, राहायला नीट खोली, प्यायला चांगलं पाणी, प्रथमोपचार. ही भीक नाही. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यानेच पिण्याचं पाणी, राहण्याची सोय, प्रथमोपचार हे सगळं मालकावर टाकलं होतं. एकटा बोलला तर त्याला दुसऱ्या दिवशी कामावरून काढतील, दहा जण बोललो तर ऐकून घेतील. आणि गावी निघण्याआधी कोणाला ताप असेल तर इथेच रक्त तपासून घ्या, गोळ्या पूर्ण करा, मग एस.टी.त बसा.

गप्पी मासा बोटाएवढा आहे. तो अळी खाईल. पण झाकण मागायचं, झरा मागायचा, दवाखाना मागायचा, पट्टा मागायचा हे काम आपल्यालाच करावं लागणार. आता दाव्यांच्या कागदांकडे येऊ. ज्यांनी कागद आणलेत त्यांनी पुढे बसा.

जल-जंगल-जमीन आमच्या हक्काची!
जिंदाबाद!